आधी दावा, मग माहितीपट

वाचक विचारतात

वाडवडिलांची जमीन आणि जंगल परत मिळवण्याचा आदिवासींचा लढा कॅमेऱ्यात पकडायचा आहे, पण सुरुवात कुठून करायची, अशा अर्थाची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्यांत वनहक्काचे दावे हाताळणारे आहेत आणि माहितीपट करणारेही. एके ठिकाणी दोघांचे पटले नाही, तिथे दोन्ही मते दिली आहेत.

आमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे. गावातली पोरं मोबाईलवर चांगलं शूटिंग करतात. अर्ध्या तासाचा माहितीपट करून तो पेनड्राइव्हमध्ये दाव्यासोबत जोडला तर पुरावा म्हणून चालेल का?
– एक वाचक, अक्कलकुवा (जि. नंदुरबार)

जोडायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जंगलावरचे आदिवासींचे आणि इतर वननिवासींचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ साली आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. कोणता पुरावा धरायचा याची यादी नियम १३ मध्ये आहे. त्यात ‘माहितीपट’ असा शब्द कुठेही नाही. मात्र माहितीपटात जे दिसते त्यातले पुष्कळ काही त्या यादीत आहे. जुन्या विहिरी, मसणवटा, देवस्थाने, राखलेली झाडे, गुरचरण, पाण्याच्या जागा, मासे धरायच्या जागा, कंद-फळे-चारा गोळा करायचे पट्टे, वैदूच्या औषधी वनस्पतींच्या जागा, घराण्याची वंशावळ आणि वृद्धांचे जबाब, हे सगळे चालते. फक्त जबाबाला एक अट आहे: तो लेखी उतरवलेला हवा आणि सांगणारा स्वतः दावेदार नसावा.

म्हणजे कॅमेऱ्याने जे टिपले ते कागदावर उतरले की पुरावा झाला. पेनड्राइव्ह दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या कपाटात पडून राहतो. प्रांत कार्यालयात अर्धा तास चित्रपट बघत बसायला कोणाला वेळ नसतो. त्याच चित्रणातून काढलेली बारा छायाचित्रे, प्रत्येकाखाली जागेचे नाव, तारीख, अक्षांश-रेखांश आणि वनखात्याचा कक्ष क्रमांक, सोबत चार वृद्धांचे लेखी जबाब, असा गठ्ठा मात्र वाचला जातो. नियमात असेही आहे की यादीतल्या एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यायचे असतात. त्यामुळे चाळीस जबाब आणि बाकी काही नाही, यापेक्षा चार जबाब, एक निस्तार-नोंद (सरपण-चराईसारख्या गावाच्या रूढ वापराची सरकारी नोंद), देवस्थानाची छायाचित्रे आणि गावनकाशा हे केव्हाही बरे.

आणखी एक. पुराव्याच्या प्रतीवर संगीत चढवू नका, मधून तुकडे काढू नका, दृश्ये पुढेमागे करू नका. एकदा कापाकापी दिसली की ‘हे जोडून केलंय’ म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. कच्चे चित्रण जसेच्या तसे वेगळे ठेवा आणि माहितीपट त्याच्या नकलेवर संकलित करा. क्रमही असाच ठेवा: आधी दाव्याला लागेल ते चित्रित करा. त्यातून माहितीपट निघतोच. उलट दिशेने सहसा निघत नाही. पडद्यासाठी चित्रित करणारा सूर्यास्त घेतो आणि सीमेचा दगड राहून जातो.

आमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या एक आजी आणि दोन आजोबा आहेत. जंगलाची सगळी माहिती त्यांनाच. पण साल विचारलं की गडबड होते, आणि दर वेळी सांगण्यात फरक पडतो. रेकॉर्डिंग कसं करावं? आणि ‘आज्याने सांगितलं’ हे कोणी मानतं का?
– वनहक्क समितीच्या सदस्य, जव्हार (जि. पालघर)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण जगातला या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला त्याच मुद्द्यावर अडखळला होता. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी कोइकी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये आपल्या बागायतींवर परंपरागत हक्क सांगितला. साक्षीत आजोबांचा उल्लेख आला की सरकारी वकील ‘ऐकीव पुरावा’ म्हणून हरकत घेत. वस्तुस्थिती तपासणाऱ्या न्यायमूर्ती मोयनिहान यांनी १९९० मध्ये माबो यांचा व्यक्तिगत वारसाहक्क मान्य केला नाही. पण बेटावर जमिनीच्या वाटपाची आणि वारशाची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, हे अनेकांच्या साक्षींतून उभे राहिले. त्याच आधारावर ३ जून १९९२ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने (तिथले हेच सर्वांत वरचे न्यायालय) सहा विरुद्ध एक मताने मेरियम लोकांचा हक्क मान्य केला. निकाल ऐकायला माबो नव्हते. ते त्याच वर्षी जानेवारीत वारले.

तुमच्यासाठी त्यातून घ्यायचे ते हे: एका माणसाच्या आठवणीवर सगळा भार टाकू नका. तिघांना वेगवेगळे बसवा, तेच प्रश्न विचारा. तिघांच्या सांगण्यात जे जुळते ते दाव्यात ठेवा. जुळत नाही ते नोंदवहीत राहू द्या. तपशिलात थोडा फरक पडणे साहजिक आहे. तिघांचे शब्द तंतोतंत सारखे आले तर उलट पढवलेले वाटते.

साल विचारूच नका. ‘आजी, तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरला पोरगा झाला होता का?’ असे विचारा आणि मग ते ओळखीच्या घटनेला बांधा. तुमच्या भागात १९४५ पासूनचा वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणीतली नसबंदी या सगळ्यांना आठवणाऱ्या खुणा आहेत. वनखात्याने सागाची लावण केव्हा केली आणि त्या वेळी कोणाची वहिवाट मोडली, हा प्रश्न हमखास विचारा. त्याची तारीख खात्याच्या कार्यआयोजनेत (जंगलातल्या कामांच्या आराखड्यात) सापडते, म्हणजे आजीच्या आठवणीला सरकारी कागदाचा टेकू मिळतो. ठाणे-पालघर भागातल्या जुन्या एकसाली प्लॉटच्या (वर्षाच्या बोलीने कसायला दिलेल्या वनजमिनीच्या) पावत्या, दंडाच्या पावत्या घरात पत्र्याच्या पेटीत असतात. त्या बोलता बोलता बाहेर काढायला लावा आणि आजीच्या हातात असतानाच जवळून चित्रित करा, आकडे वाचता येतील असे.

आता यंत्राचे. आवाज गेला तर सगळे गेले. मोबाईलच्या स्वतःच्या माईकवर दोन मीटरवरून घेतलेला जबाब लिहून काढताना रडकुंडीला आणतो. साधा वायरचा कॉलर माईक घ्या, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा आणि तार पदराखालून न्या. मण्यांच्या माळा, चांदीच्या सऱ्या माईकवर घासतात. आजीला दागिने काढायला सांगू नका, माईक दुसऱ्या बाजूला सरकवा. कानाला हेडफोन लावून एक जण सतत ऐकत बसलेला हवा. कोंबड्या, गिरणी, मोटारसायकल त्यालाच आधी कळतात. पावसाच्या तोंडावर किरकिऱ्यांचा आवाज इतका चढतो की संध्याकाळचे रेकॉर्डिंग वाया जाते, सकाळी बसा. पत्र्याच्या घरात दुपारी बसू नका, पत्रा तापून कडकडतो. शेवटी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनीट नुसता त्या जागेचा आवाज घ्या. संकलन करताना सांधे बुजवायला तो लागतो.

बैठक पाऊण तासापेक्षा लांबवू नका. सुरुवातीला सांगणाऱ्याचे नाव, अंदाजे वय, पाडा, बापाचे नाव, आजचा दिवस आणि ‘माझी या रेकॉर्डिंगला संमती आहे’ हे त्यांच्याच बोलीत येऊ द्या. प्रश्न विचारणाऱ्याने मध्ये ‘हो का’, ‘अच्छा’ करू नये, मान हलवावी. आणि उत्तर प्रश्नात घालू नका. ‘हे जंगल पहिल्यापासून आपलंच ना?’ याला ‘हो’ मिळते, पण त्या ‘हो’ची किंमत शून्य. ‘सरपण कुठून आणायचात? वाट कशी होती? कोण अडवायचं?’ यातून जंगल आपोआप उभे राहते.

लिहून काढताना बोलीतले शब्द तसेच ठेवा, शेजारी प्रमाण मराठी द्या, दर मिनिटाची वेळ समासात लिहा. मग पुन्हा आजीकडे जाऊन वाचून दाखवा, दुरुस्त्या घ्या, अंगठा किंवा सही घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. हा शेवटचा टप्पा बहुतेक गट गाळतात आणि जबाब तिथेच लंगडा पडतो.

गावाची शिव फिरून चित्रित करायची आहे. मोबाईलमधला जीपीएस पुरतो का? वनखात्याचे लोक पाहणीला येतच नाहीत, त्याचे काय?
– अभ्यासगट, धानोरा तालुका (जि. गडचिरोली)

तुमच्या शेजारीच मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ज्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तिथली अभ्यासगटाची रीत तुम्हाला नव्याने सांगायला नको. त्या गावात जाऊन शिवेच्या नोंदी कशा ठेवल्या ते आधी बघून या.

मोबाईलचा जीपीएस मोकळ्यावर साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत किंवा घळीत दहा-पंधरा मीटर सहज सरकतो. शेकडो हेक्टरच्या सामूहिक दाव्याला त्याने फरक पडत नाही. वैयक्तिक दाव्याला पडतो. एकरभर चौकोनी तुकड्याची एक बाजू दहा मीटर आत सरकली तर सहा गुंठे गेले. म्हणून वैयक्तिक जमिनीच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहून आकडा ठरू द्या आणि मगच नोंदवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मोबाईलने तेच कोपरे पुन्हा घ्या.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. एका मोबाईलवर अंश-मिनिटे दिसतात, दुसऱ्यावर दशांश. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे १९.५०. ते कोणी घाईत १९.३० लिहिले तर गाव २२ किलोमीटर दक्षिणेला जाते. अशा दाव्यावर ‘नकाशाशी जुळत नाही’ एवढाच शेरा येतो आणि कारण कोणालाच कळत नाही. फिरायला निघण्याआधी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये दशांश पद्धत लावून घ्या.

सबंध फेरी चित्रित करू नका, तीन तासांचे हलते पाय कोणी बघत नाही. प्रत्येक खुणेवर तेवढे मिनीटभर घ्या, आणि दर वेळी त्याच क्रमाने: पाटीवर खुणेचा क्रमांक आणि तारीख, जाणत्या माणसाच्या तोंडून त्या जागेचे नाव आणि ते का पडले, खूण जवळून, मग जागेवर उभे राहून सावकाश चहूबाजूंना फिरवलेला कॅमेरा, त्यात लांबचा एखादा डोंगर किंवा टेकडी यायलाच हवी, शेवटी जीपीएसचा पडदा दुसऱ्या मोबाईलने. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गवत बसलेले असते, पानगळ सुरू असते, लांबचे दिसते. वापराचे चित्रण मात्र ज्या त्या मोसमातच मिळते: मोह मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपाने मेमध्ये, रानभाज्या पहिल्या पावसानंतर. म्हणजे हे काम वर्षभराचे आहे.

शेजारच्या गावाची माणसे फेरीला बोलवा आणि ‘इथपर्यंत तुमचं, इथून आमचं’ हे त्यांच्याच तोंडून कॅमेऱ्यासमोर येऊ द्या. दोन गावांच्या शिवा एकमेकांवर चढल्या तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तोडगा काढायचा असतो. तो आधीच निघालेला असला तर वर अडवणूक होत नाही.

अधिकाऱ्यांबद्दल: समितीने कळवल्यावर वन आणि महसूल कर्मचाऱ्यांनी पाहणीला हजर राहणे आणि हुद्दा, तारीख, शेरा लिहून सही करणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. तारीख लेखी कळवा, पोच घ्या. आले नाहीत तर पोच आणि त्या दिवशीचे चित्रण दाव्याला जोडा, पंचनाम्यात ‘सूचना देऊनही गैरहजर’ असे लिहा. आले तर कॅमेरा चालू ठेवायचा का, यावर आमच्यातच दोन मते आहेत. दावे हाताळणारे म्हणतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवा, नंतर कोणी शब्द फिरवू शकत नाही. माहितीपटवाले म्हणतात, कॅमेरा दिसला की वनरक्षक आखडतो आणि सही टाळतो. सही होताना तेवढे चित्रण घ्या. लपवून चित्रण करू नका, एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

जगात या विषयावर झालेले कोणते चित्रपट पाहावेत? यादी नको, का पाहायचे ते सांगा.
– एक विद्यार्थी, पुणे

चारच सांगतो.

पहिला कॅनडाचा, अलानिस ओबोमसाविन यांचा ‘कानेसाताके: २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स’ (१९९३). मॉन्ट्रियलजवळच्या ओका गावाने नऊ छिद्रांचे गोल्फ मैदान अठरा छिद्रांचे करायचे ठरवले आणि त्यासाठी मोहॉक लोकांच्या दफनभूमीला लागून असलेले पाइनचे रान जाणार होते. जुलै १९९० मध्ये पोलीस आले, मग सैन्य. वेढा ७८ दिवस चालला. ओबोमसाविन स्वतः अबेनाकी आहेत. बाकी पत्रकार बाहेर पडले तरी त्या आतच राहिल्या. हा दोन तासांचा चित्रपट पाहायचा तो चकमकींसाठी नाही, मधल्या इतिहासासाठी. १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजाने ही जमीन एका मिशनरी संघाला देऊन टाकली, तिथून त्या मोजतात. शीर्षकातली २७० वर्षे ती. वार्तांकनात ‘रस्ता अडवणारे’ दिसतात, इथे रस्ता कोणाच्या जमिनीतून गेला ते दिसते. गोल्फचा बेत रद्द झाला. जमिनीच्या मालकीचा वाद मात्र त्याने सुटला नाही.

दुसरा ब्राझीलचा, व्हिन्सेंट कारेली यांचा ‘कोरुम्बियारा’ (२००९). पुराव्यासाठी कॅमेरा वापरणाऱ्याने हा आधी पाहावा. रोंडोनिया राज्यात गुरांच्या मोठ्या फार्मसाठी दिलेल्या जंगलात आदिवासींची कत्तल झाली होती. कारेली १९८६ मध्ये तिथे बुलडोझर फिरलेल्या वस्तीच्या खुणा चित्रित करतात आणि ते पुरेसे ठरत नाही. मारलेली माणसे कुठे आहेत, कोण होती, असा प्रश्न उलट त्यांनाच येतो. १९९५ मध्ये त्याच जंगलात कानोए जमातीची वाचलेली माणसे भेटतात. ती भेट दूरचित्रवाणीवर दिसल्यावर हालचाल होते आणि ओमेरे ओढ्याच्या काठचा प्रदेश राखला जातो. तुटक्या मडक्यांचे चित्रण कितीही खरे असले तरी त्याला बोलणारा माणूस लागतो, हे यात जितके लख्ख दिसते तितके कुठल्याच हस्तपुस्तिकेत नाही. चित्रपट म्हणून तो ओबडधोबड आहे, जुन्या व्हिडिओचे रंग उडालेले आहेत. बघाच.

तिसरा ट्रेव्हर ग्रॅहम यांचा ‘माबो: लाइफ ऑफ अॅन आयलंड मॅन’ (१९९७). वर जव्हारच्या उत्तरात खटल्याबद्दल आले आहे. टाउन्सव्हिलमध्ये माबोंच्या थडग्यावर अनावरणाच्याच रात्री वर्णद्वेषी विटंबना झाली आणि कुटुंबाला त्यांचे शव मेर बेटावर न्यावे लागले. चित्रपट तिथून मागे जातो. खटला जिंकल्याने लढा संपत नाही हे त्याला माहीत आहे.

चौथा अॅलेक्स प्रिट्झ यांचा ‘द टेरिटरी’ (२०२२), पुन्हा रोंडोनिया, उरु-एउ-वाउ-वाउ लोकांचा. महामारीत बाहेरच्यांना प्रवेश बंद झाला तेव्हा गावातल्या तरुणांनीच कॅमेरा चालवला आणि ड्रोनवरून घुसखोरी टिपली. देखणा आहे, जरा जास्तच देखणा. पण घुसखोरांच्या बाजूचे चित्रण अमोल आहे: आधी संघटना, मग आपसात प्लॉट पाडणे, मग आज ना उद्या सरकार नियमित करील ही आशा.

आम्ही कातकरी वाड्यांवर काम करतो. काय दाखवू नये याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. सगळं खरं दाखवलं तर लोकांवरच केस होईल अशी भीती वाटते.
– कार्यकर्त्यांचा गट, कर्जत (जि. रायगड)

भीती रास्त आहे. वैयक्तिक हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट लागते. चित्रपटात ताजी तोड, नुकते जाळलेले राब, नवे कुंपण दिसले तर तुमच्याच चित्रणातून ‘ही वहिवाट नंतरची’ असा अर्थ निघतो. मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ते दृश्य पडद्यावर सुंदर दिसते आणि वनगुन्ह्यात पुरावा होते. उलट जुने बांध, ताली, आंब्या-फणसाची मोठी झाडे, पडक्या घराचा चौथरा हे जितके दाखवाल तितके थोडे. तुमच्याकडे दळीची (जंगलात कसायला दिलेल्या जमिनीची) जुनी नोंद कोणाकडे असेल तर ती सोन्यासारखी जपा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, चित्रित करा आणि नक्कल काढा.

मध, औषधी मुळ्या, खेकडे-मासे यांच्या जागांची नेमकी ठिकाणे दाव्याच्या कागदात असू द्यात, जाहीर चित्रपटात नकोत. तिथे आठवड्यात बाहेरची माणसे येतात. देवस्थानाबाबत पुजाऱ्याला किंवा भगताला विचारून, कुठवर कॅमेरा न्यायचा ते ठरवा. गाव ‘नको’ म्हणाले तर बाहेरची पायवाट चित्रित करा आणि बाकीचे जबाबात लिहा. मुलांचे चेहरे शक्यतो टाळा.

संमती एकदा घेऊन चालत नाही. चित्रित करताना एकदा, आणि संकलित झाल्यावर त्या माणसाला दाखवून पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी माघार घेणारे निघतातच. त्यांचा भाग काढायची तयारी ठेवा. चित्रणाची मालकी कोणाची, कोण कुठे दाखवू शकते, पैसे आले तर कोणाचे, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. महोत्सवात पारितोषिक मिळाल्यावर हा प्रश्न काढला तर भांडण होते.

ड्रोन वापरावा का?
– एक वाचक, धारणी (जि. अमरावती)

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. इतरत्र आधी सरकारी ड्रोन नकाशावर तुमचे गाव कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते बघा. दाव्यापुरते बोलायचे तर गरजही नाही. उपग्रह छायाचित्र किंवा इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्याला पूरक म्हणून चालते, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे नियमातच आहे. ‘उपग्रहात शेत दिसत नाही’ एवढ्यावर दावा फेटाळला असेल तर अपिलात हाच मुद्दा मांडा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत जाता येते.

चित्रण साठवायचे कसे? व्हॉट्सअॅपवर गटात टाकून ठेवले तर पुरे का?
– एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

नाही. व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करते आणि फाइलमधली तारीख-जागेची माहिती पुसते. मूळ फाइल केबलने उतरवा, नाव बदलू नका. फुल एचडी चित्रणाला मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, तासाला आठ जीबी. ४-के ला याच्या तिपटीच्या आसपास. जबाबांसाठी फुल एचडी भरपूर झाले. वेग २५ फ्रेमवर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकते. तीन प्रती करा, त्यांतली एक गावाबाहेर. वणवा, पूर, उंदीर सगळे एका घराला एकदम गाठतात.

प्रकरण न्यायालयात जाईल असे वाटत असेल तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ वकिलाला दाखवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची ‘हॅश’ संख्या लिहावी लागते. ती संख्या संगणकावर मोफत काढता येते. उतरवल्या दिवशीच काढून वहीत लिहा; फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी ती बदलते, म्हणून महिन्याभराने काढलेली संख्या तितकीशी कामाची नाही.

ग्रामसभेच्या ठरावाचे चित्रणही याच पेटीत ठेवा. गणपूर्तीला निम्मे सदस्य, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत. ठराव वाचला जात असताना सभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश टिपा. हजेरीवहीच्या सह्यांवर नंतर शंका आली तर हे मिनीटभर उपयोगी पडते.

चित्रपट तयार झाला, गावात दाखवायचा आहे. बोली पावरी, निवेदन मराठीत. उपशीर्षके टाकली तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. बाहेर दाखवायला परवानगी लागते का?
– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)

चौकोन येतात कारण फाइल युनिकोडमध्ये साठवलेली नाही, किंवा चालवणाऱ्या यंत्रात देवनागरी फॉन्टच नाही. साठवताना ‘यूटीएफ-८’ निवडा. प्रोजेक्टरमध्ये थेट पेनड्राइव्ह घालणार असाल तर उपशीर्षके वेगळी न ठेवता चित्रातच कायमची उमटवा. एका वेळी दोन ओळी, ओळीत सहा-सात शब्दांपेक्षा जास्त नकोत, किमान दोन सेकंद राहू द्या. गावातल्या खेळाला मात्र उपशीर्षकांचा फारसा उपयोग नाही. निम्मी म्हातारी माणसे वाचत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी थांबवून एकाने माईकवर पावरीत सांगावे. लोक तिथेच दुरुस्त्या सांगतात, त्या लिहून घ्यायला माणूस बसवा.

उघड्यावर तीन हजार ल्युमेनच्या खालचा प्रोजेक्टर नको, आणि पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका. पांढरी चादर वाऱ्याने फुगते, खालच्या काठाला बांबू शिवा. जनरेटर तीस-चाळीस मीटर लांब, घराच्या आडोशाला ठेवा, नाहीतर आवाज त्यातच जातो.

सार्वजनिक खेळ करायचा तर चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, माहितीपटालाही. मुंबईच्या कार्यालयाचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. वर सांगितलेले परदेशी चित्रपट गावात दाखवायचे असतील तर घरच्या वर्गणीच्या खात्यावरून दाखवू नका, ते खाते खासगी पाहण्यापुरते असते. हक्कधारकांना पत्र लिहा. कशासाठी, कुठे, किती लोकांना दाखवणार आणि तिकीट लावणार नाही, हे चार ओळींत सांगा. खेळाची तारीख जाहीर करण्याआधी किमान दीड महिना हातात ठेवा.